वयनींची गोळाफेक

राकेशचा फोन आला तेव्हा मी मोहन्याला बहिणीच्या घरी ओट्याशी उभी राहून चहाचे कप विसळत होते. फोनवर त्याचं नाव दिसलं आणि हात पुसायचंही सुचलं नाही. "मावशी..." एवढंच तो म्हणाला आणि पुढे त्याला बोलता येईना. सगळी नोकरी मी सरकारी इस्पितळात नर्स म्हणून काढली. अशा बातम्या मी लोकांना किती वेळा दिल्या असतील! कुणाला आधी बसवायचं, कुणाला आधी पाणी द्यायचं, कुणाच्या पाठीवर हात ठेवायचा आणि कुणापासून दोन पावलं लांब राहायचं, हे सगळं मला येतं. अशी बातमी घ्यायची कशी, ते मात्र मला येत नाही, हे त्या सकाळी कळलं. बहिणीनं विचारलं, "कोण गं?" मी म्हटलं, "वयनी गेल्या," आणि नळ सोडून धुतलेलाच कप पुन्हा धुवायला लागले.

वयनी म्हणजे कुसुम गणपत भोईर. नात्यानं त्या माझ्या कुणी नव्हत्या. निवृत्तीनंतर बाळकुमला टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर मी राहायला आले, आणि त्या टॉवरच्या मागे जुन्या गावठाणात त्यांचं दुमजली घर. नवरा गणपतभाऊ, मुलगा राकेश, सून, अंगणात तुळस आणि दारात दोन गाड्या. गावातली लहानथोर सगळी त्यांना वयनी म्हणायची म्हणून मीही म्हणायला लागले. त्या मला सिस्टर म्हणायच्या. पहिल्याच भेटीत मला म्हणाल्या होत्या, "तुझी बेडरूम हाय ना सिस्टर, तिकरं आमची भाताची खाचरं होती." मी म्हटलं, "नवव्या मजल्यावर?" तर म्हणाल्या, "खाली गं! वर आभाल होता. तो पन आमचाच." आणि अशा काही हसल्या की माझ्या हातातली भाजीची पिशवी हलली. मी चाळीत वाढलेली, वडील कारखान्यात कामाला, स्वतःच्या मालकीची कुंडीसुद्धा आमच्याकडे नव्हती. आभाळ विकून बसलेल्या बाईशी आपली मैत्री होईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

ती झाली सोसायटीच्या क्रीडादिनामुळे. आमच्या सोसायटीत सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की खेळ असतात. पुरुषांना क्रिकेट, गोळाफेक, रस्सीखेच. बायकांना लिंबू-चमचा आणि संगीत खुर्ची. त्या वर्षी गावठाणाशी संबंध बरे राहावेत म्हणून कमिटीनं वयनींना प्रमुख पाहुण्या केलं होतं. हिरवी पैठणी, गळ्यात ठसठशीत सोनं, अंगावर शाल, मांडीवर नारळ, अशा त्या खुर्चीत बसल्या होत्या आणि मी शेजारी. लिंबू-चमच्याची घोषणा झाली तशा त्या माझ्या कानाशी लागल्या. "लिंबू तोंडात घेऊन पलायचं? पडला तर काय, सरबत?" मी हसू दाबलं. मग पुरुषांची गोळाफेक सुरू झाली. तिसऱ्या की चौथ्या मजल्यावरचे एक साहेब गोळा खांद्याशी नेता नेताच हाशहुश करायला लागले. वयनींनी शाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली, नारळ माझ्या मांडीवर दिला आणि पैठणीचा पदर खोचून त्या सरळ त्या चुन्याच्या वर्तुळाकडे चालत गेल्या. निवेदन करणारा मुलगा माइकवर "अरे, अरे, मॅडम" एवढंच म्हणत राहिला. त्यांनी गोळा उचलला, तळव्यावर जरा तोलला, आणि टाकला. कसा टाकायचा ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, त्यामुळे तो दगड भिरकावल्यासारखा गेला. पण गेला तो साहेबांच्या खुणेच्या पुढे. क्षणभर कुणी टाळीही वाजवली नाही. वयनी परत येऊन खुर्चीत बसल्या, नारळ मागून घेतला आणि मला हळूच म्हणाल्या, "सिस्टर, मना लय बरं वाटलं गं."

तेव्हा त्यांची पन्नाशी कधीच उलटून गेली होती. आमच्याच सोसायटीत राहणारे कदम सर शाळेतल्या मुलांना माजिवड्याजवळच्या मैदानावर खेळ शिकवायचे. दुसऱ्याच दिवशी ते गावठाणात गेले आणि म्हणाले, "वयनी, प्रौढांच्या स्पर्धा असतात. वयोगटाप्रमाणे. येता का मैदानावर?" वयनींनी भाऊंकडे पाहिलं. भाऊ झोपाळ्यावर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली न करता विचारलं, "बायकांनी गोले टाकून काय होनार हाय?" एवढंच. नको म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. वयनींनी त्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावला आणि मला सोबत म्हणून ओढलं. मला डॉक्टरांनी नुसतं चालायला सांगितलं होतं. मी मैदानाला फेऱ्या मारायचे आणि त्या मधोमध उभ्या राहून घाम गाळायच्या.

पहिले काही महिने त्या घरातून साडी नेसून निघत. साडीच्या आत ट्रॅकपँट. मैदानाच्या कडेला बाकाजवळ आलं की इकडेतिकडे बघून साडी सोडायची, नीट चौकोनी घडी घालायची, माझ्या पिशवीत ठेवायची, आणि जाताना पुन्हा नेसायची. उन्हाळ्यात मी म्हटलं, "वयनी, दुहेरी कपड्यांत जीव जाईल तुमचा." त्या म्हणाल्या, "गावातनं जायचंय गं." मग एके सकाळी त्या आल्या त्या नुसत्या ट्रॅकपँटमध्ये, वर राकेशचा ढगळ टी-शर्ट, आणि कपाळावर कुंकू रोजच्यासारखं ठळक. मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "सगल्यांनी बगितला. कोन मेला नाय."

त्यांची पहिली स्पर्धा कल्याणला होती. त्यांच्या वयोगटात स्पर्धक दोनच, आणि टेबलावर पदकं तीन. वयनी पहिल्या आल्या, डोंबिवलीहून आलेल्या एक शिक्षिका दुसऱ्या. बक्षीस घेताना वयनींनी पंचांना विचारलं, "आणि तिसरा कुनाला? सिस्टरला द्या ना, सकालपासून पिशव्या धरून उभी हाय." पंच हसले, पदक काही मला मिळालं नाही. येताना रिक्षात त्यांनी स्वतःचं माझ्या गळ्यात घातलं आणि ते कॅसल मिल नाक्यापर्यंत माझ्याच गळ्यात राहिलं. त्या दिवशी त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, की पंच्याहत्तरी झाली की बायकांना आणखी हलका गोळा देतात. हे त्यांना फार आवडलं. "म्हंजे म्हातारी होन्यात पन फायदा हाय," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. पंच्याहत्तरीला आपण हलका गोळा कुठवर नेऊ याचे त्यांचे बेत चालायचे. मी म्हणायचे, "तोवर मी असेन का?" तर म्हणायच्या, "असशील. पिशव्या कोन धरनार?"

एकदा फेकून झाल्यावर त्या बाकावर बसल्या होत्या, टॉवेलनं मान पुसत. आपणहूनच बोलायला लागल्या. लहानपणी बापाबरोबर मिठागरावर जायच्या, डोक्यावर मिठाच्या पाट्या, पायांना चिरा, चिरांत मीठ. लग्न झाल्यावर हंडे, भाताचे भारे, मग सासूचं आजारपण, तिला उचलून बसवणं, उचलून निजवणं. "जल्मभर उचललाच गं सिस्टर. कुनाचा ना कुनाचा. यो गोला मात्र कुनाचा नाय. उचलायचा आणि टाकून द्यायचा. कुठं न्यायचा नाय, कुनाला द्यायचा नाय." मीही जन्मभर माणसं उचलली होती, पण असं काही माझ्या मनात आलं नव्हतं. त्या बाकावर मला त्यांचा हेवा वाटला, हे आज लिहायला हरकत नाही.

भाऊ मात्र मैदानावर कधी आले नाहीत. घरी पदकं आली तर ती बघून पुन्हा पेपरात डोकं घालायचे. वयनी त्यांना चिडवायच्या, "बगा, तुमच्या बायकोचा फोटू छापून आलाय," तर म्हणायचे, "नाव तरी बरोबर छापलंय का?" मला त्या माणसाचा राग यायचा. वयनींना येत नसे. "तो तसाच हाय," असं म्हणून त्या विषय संपवायच्या.

मग गेल्या वर्षी, पाऊस ओसरता ओसरता, गोळा मागे, आधीच्या खुणेच्या अलीकडे पडायला लागला. आधी थोडा, मग रोजच. कदम सरांना वाटलं मनगट कमी पडतंय. त्यांनी मनगटाचे व्यायाम वाढवले. वयनींना वाटलं आपण आळस करतोय. त्यांनी ते दुप्पट केले, घरी पाण्याची बाटली भरून वर-खाली, वर-खाली. गावातल्या बायकांना वाटलं पेपरातल्या फोटोची दृष्ट लागली. मीठमिरच्या उतरून झाल्या. मला काय वाटलं ते मला एका दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात कळलं. त्या तांदळाची भाकरी थापत होत्या आणि भाकरीची कड एका बाजूनं फाटत होती. पुन्हा पुन्हा त्या बोटांनी ती सांधत होत्या. मी त्यांचा उजवा हात हातात घेतला. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये जे मांस असतं, तिथं खळगा पडला होता. आणि दंडावर, कातडीच्या खाली, काहीतरी आपलं आपण फडफडत होतं... मी तो हात लगेच सोडला नाही, कारण सोडला असता तर त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं असतं.

मोठ्या डॉक्टरांनी तपासण्या करून जे नाव सांगितलं, ते मला त्या स्वयंपाकघरातच आठवलं होतं. मेंदूकडून स्नायूंकडे जाणारे मज्जातंतू एकेक करून मरत जातात. हात जातात, पाय जातात, बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. डोकं मात्र शेवटपर्यंत जागं राहतं. औषध आहे म्हणायला आहे. डॉक्टर भले होते, राकेशला आणि मला त्यांनी स्पष्ट सांगितलं, की हा आजार कशानं होतो ते आम्हालाही नीट ठाऊक नाही, आणि खेळल्यानं झाला असं मी तुम्हाला सांगणार नाही. वयनींना ते एवढंच म्हणाले, की आता दमायचं नाही. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "न दमता गोला कसा टाकतात गं?" मी म्हटलं, "वयनी, आता राहू द्या ना." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून मैदानावर आल्या नाहीत. मला वाटलं, ऐकलं माझं. मी एकटीच फेऱ्या मारत राहिले आणि मधल्या मोकळ्या जागेकडे बघायचं टाळत राहिले.

पुढचं मी फार लिहिणार नाही. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना सांगायला नको, आणि बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. मी रोज जायचे. कूस बदलायची, पाठ पुसायची, घशातली लाळ मशीननं ओढून घ्यायची, सुनेला नळीतून पेज कशी द्यायची ते दाखवायचं. जे जे मला येत होतं ते सगळं मी केलं, आणि त्यातल्या कशाचाही काडीचा उपयोग होत नव्हता. बोलणं अजून थोडं कळत होतं तेव्हा एकदा त्यांनी विचारलं, शब्द ओढत ओढत, "सिस्टर... ताकद जाते कुठं?" मला वाटलं त्या चेष्टा करताहेत. पण त्यांना खरंच उत्तर हवं होतं. "तू नर्स हायस ना... सांग." एवढी वर्षं मी इस्पितळात काढली, पण ताकद कुठं जाते हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी त्यांच्या हाताला तेल लावत राहिले. भाऊ दारात उभे होते. त्यांनी ऐकलं, आणि आत न येता निघून गेले.

दिवसकार्याला सगळं गणगोत जमलं, आणि मला ज्याची धास्ती होती तेच झालं. डोंबिवलीहून आलेल्या वयनींच्या नणंदबाई पंगतीतच म्हणाल्या, "या वयात गोले टाकायला गेली, शिरा तुटल्या. घरात बसली असती तर आज असती." आणखी दोघींनी माना डोलावल्या. कुणीतरी कदम सरांचं नाव घेतलं. ते बिचारे मांडवाच्या टोकाला खुर्चीत बसले होते, त्यांना ऐकू गेलं असावं, कारण ते न जेवता उठले. मी सांगितलं, की असं नसतं, डॉक्टर म्हणाले होते. नणंदबाई मला म्हणाल्या, "डॉक्टरला काय माहीत असतं तर वाचवली नसती का?" मी भाऊंकडे पाहिलं. वाटलं, आता तरी हा माणूस काहीतरी म्हणेल. ते पानावरचा भात कालवत राहिले. तेव्हा माझी खात्रीच झाली, की त्यांच्याही मनात तेच आहे. बाईला सगळ्या जन्मात एक गोष्ट स्वतःची मिळाली, आणि घरात तिची आठवण राहणार ती तिचा जीव घेणारी म्हणून, हे मला सहन होईना. आणि त्यावर इलाजही सुचेना. मी त्या घरी जाणंच बंद केलं.

परवा राकेशनं बोलावलं म्हणून गेले. लाळ ओढायचं ते मशीन आणि खाट कुणा गरजू पेशंटला द्यायची होती, ओळखीतलं कुणी आहे का, असं त्याला विचारायचं होतं. बोलणं झाल्यावर मी विचारलं, "भाऊ कुठायत?" तो म्हणाला, "परसात. दिवसभर तिकडेच असतात. गवत एवढं वाढलंय, मशीन लावून कापू म्हटलं तर लावू देत नाहीत. काठ्या आहेत म्हणतात. तुम्ही बघा ना मावशी, तुमचं ऐकतील." घरामागची ती पट्टी मी कधी नीट पाहिली नव्हती. विकता विकता उरलेली शेवटची जमीन, पलीकडे टॉवरची भिंत. गवत गुडघ्याएवढं. दाराजवळच विटा पुरून एक गोल केलेला होता, आणि त्याच्यासमोर गवतात बांबूच्या बारीक काठ्या रोवलेल्या. काही लांब, भिंतीच्या बाजूला; मग त्यांच्या अलीकडे, आणखी अलीकडे, अशा त्या गोलाकडे येत गेल्या होत्या. भाऊ पायरीवर बसले होते.

"कसल्या काठ्या या, भाऊ?"

"तिच्या." भाऊ म्हणाले, "सांजच्याला टाकायची ती इकरं. मैदान सुटल्यावर. तुमाला सांगू नको म्हनाली, सिस्टर थांबवील म्हनाली. मी गोला आनून हातात द्यायचो. पडला की तिथं काठी. रोज."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. ज्या माणसानं मैदानाचं तोंड पाहिलं नाही, तो हिवाळाभर रोज संध्याकाळी या गवतातून गोळा शोधून आणत होता आणि तिच्या मिटत चाललेल्या बोटांत ठेवत होता. मला राहवलं नाही. मी विचारलं, "लोक काय म्हणतात ते ऐकलंत ना भाऊ? गोळ्यामुळे झालं म्हणतात. तुम्हालाही तसंच वाटतं का?"

"लोकांनी तिला टाकताना कवा बगितली?" ते म्हणाले. "मी पन नंतरच बगितली. आदी जायला पायजे होता."

पलीकडच्या टॉवरमधून कुणाच्या तरी कुकरची शिट्टी ऐकू आली. मी उठून त्या विटांच्या गोलापाशी गेले. सगळ्यात अलीकडची काठी जेमतेम एका पावलावर होती. तिच्या आणि गोलाच्या मध्ये रिकामी जमीन. "यानंतर टाकलाच नाही का त्यांनी?"

"एकदा घेतला व्हता हातात. तिथंच पायाशी पडला. मी म्हटला, ऱ्हाऊ दे आता. ती पन काय बोलली नाय."

"मग त्याची काठी?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी भलतंच विचारल्यासारखं. "तो तिनं टाकलेला नाय, सिस्टर. पडलेला. त्याची कशी लावू?"

मग ते उठले, लांबवर भिंतीजवळ पावसानं आडवी झालेली एक काठी होती तिच्यापर्यंत गवत बाजूला सारत गेले, खाली वाकून बोटानं तिचं जुनं भोक शोधलं, आणि ती काठी त्याच भोकात पुन्हा रोवली.